चिखल्याला किंमत नाही

३ फेब्रुवारी

खारूताई,

मागच्या पत्रातले आशीर्वाद शिल्लक असतील, तेच पुरवून वापर. आज मी भांडायला बसलेय. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू नुसतं 'हं, हं' करतेस. कागदावर हं करता येत नाही.

काल दुपारी दुकानात दोन पोरी आल्या. मला वाटलं गिऱ्हाईक. मी एका आजोबांच्या चष्म्याची काडी गरम करून वाकवत होते. त्यातली एक हातातली टॅबलेटची काचेची पाटी सावरत म्हणाली, "काकू, पाच मिनिटं द्याल? खाडीच्या चिखलातला चिखल्या पक्षी नामशेष होऊ नये, यासाठी तुम्ही पाण्याच्या बिलातून दरमहा जास्तीत जास्त किती पैसे द्यायला तयार व्हाल?" काडी माझ्या हातात मोडली. आजोबा हसायला लागले, मला नाही हसू आलं.

म्हटलं, "आणि नाही दिले तर? मान मुरगळणार का त्याची?"

"तसं नाही हो काकू, फक्त अंदाज घ्यायचाय."

अंदाज! बंदरवाल्यांना मोठ्या जहाजांसाठी नवा धक्का बांधायचाय आणि त्यासाठी आमचा खाडीकाठचा चिखलाचा पट्टा खणून काढायचाय, हे तुला मी दिवाणखान्यात बसून शंभर वेळा सांगितलंय. चिखल्या अंडी घालतो ती त्याच पट्ट्यावर. जगात आता त्याला दुसऱ्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्यात. आधी खणायचं ठरवलं, मग विचारायला माणसं पाठवली, आणि तीही कोणाला विचारतायत, तर मला, बिलात किती वाढवू म्हणून!

मी तिला सांगितलं, "लिही. त्याला किंमत नाही." तिने मान डोलावली, पाटीवर बोट टेकवलं, थँक्यू काकू म्हणाली आणि शेजारच्या बर्फवाल्याकडे गेली. आणि जाता जाता तिच्या गळ्यातलं ओळखपत्र उलटं झालं. त्यावर तुझ्या संस्थेचं नाव होतं. चष्मेवालीला बारीक अक्षर दिसणार नाही असं वाटलं होतं का तुम्हाला?

तुला पहिला चष्मा मी लावला. काचा नीट बसल्यात का ते बघायला मी तुला पट्ट्यावर नेलं, आणि तू किंचाळलीस, "आत्या, चिखल पळतोय!" पळत होता तो चिखल्या. त्याचा भाव विचारायला माझ्या दारात माणसं धाडणाऱ्यांत तू नाहीस, एवढं एका ओळीत लिहून पाठव. मग पुढचे आशीर्वाद देईन.

चिडलेली,
आत्या


११ फेब्रुवारी

आत्या,

नमस्कार, आणि हं न करता उत्तर.

पाहणी आमचीच आहे. प्रश्न इथल्या एका सहकाऱ्याने तयार केलेत, माझा संबंध फक्त नंतरच्या आकडेमोडीशी. पण तू ज्याला भाव म्हणून नाक मुरडतेस, त्याबद्दल दोन शब्द ऐकून घे.

एप्रिलमध्ये तुमच्या नाट्यगृहात जाहीर सुनावणी आहे. तिथे तराजू लागणार. एका पारड्यात धक्का: नोकऱ्या, जहाजांचं भाडं, डिझेल, बर्फ. प्रत्येकाला आकडा आहे. दुसऱ्या पारड्यात तुझा चिखल्या. त्याच्यापुढे काय लिहू? 'दिसायला गोड आहे हो'? आकडा नसला की रकाना रिकामा, आणि रिकाम्या रकान्याचं वजन कोणी करत नाही. मागच्या वर्षी एक दलदल आम्ही आकड्यावरच वाचवली. ती पुराचं पाणी पिते, ती नसती तर शहराला किती खर्च आला असता ते दाखवलं, आणि बांधकामवाले मुकाट्याने उठून गेले. मी त्या खोलीत होते. तेव्हा मला माझ्या कामाचा एवढा अभिमान वाटला होता की काय सांगू.

पण तुझा चिखल्या पूर पीत नाही. डास खातो, तेही मोजण्यात येणार नाहीत इतके थोडे. त्याला बघायला कोणी तिकीट काढून येत नाही. स्पष्टच बोलते, तो कोणाच्या काही कामाचा नाही. तो असावा असं लोकांना वाटतं, एवढीच त्याची कमाई. ते वाटणं कागदावर आणायचं तर एकच रस्ता आहे: स्वतःच्या खिशातून किती द्याल? आमच्या मजल्यावर झाड म्हणशील तर एक आहे, तेही प्लास्टिकचं, झाडणाऱ्या बाई त्याची पानं रोज फडक्याने पुसतात. अशा ठिकाणी बसून मी तुझ्या चिखल्यासाठी भांडतेय, आणि तू माझ्याच नावाने खडे फोडतेस.

बरं, त्या मुलीने तुझं उत्तर नक्की काय लिहून घेतलं, पाहिलंस का? आणि बाकीच्यांनी काय सांगितलं? सहज विचारतेय.

तुझीच,
खारूताई


१९ फेब्रुवारी

खारूताई,

सहज विचारतेस होय! लाडवांचा डबा कोणत्या फळीवर ठेवलाय हेही तू सहजच विचारायचीस.

ऐक तर मग आमचा पराक्रम. पोरी आल्या त्याच संध्याकाळी मी दुकान लवकर बंद केलं आणि गल्लीला बोलावलं. खुर्च्या दोनच. न्हावी डोळे तपासायच्या खुर्चीत जाऊन बसला आणि उठायलाच तयार नाही, म्हणे आयुष्यभर दुसऱ्यांना खुर्चीत बसवलं, आज माझी पाळी. जाळी विणणारी म्हातारी आली, शाळेतल्या बाई आल्या, मासळीबाजारातल्या तिघी आल्या. मी म्हटलं, कोणी आकडा सांगायचा नाही. एकाने दहा म्हटले, दुसऱ्याने वीस, की लिलाव सुरू झाला समजा. सगळ्यांनी एकच वाक्य म्हणायचं: "त्याला किंमत नाही." तालीमसुद्धा घेतली. न्हावी सारखा "त्याला काय किंमत?" म्हणत होता, त्याला सुधारता सुधारता माझ्या नाकी नऊ आले.

दुसऱ्या दिवसापासून पोरी ज्या दारात जातील तिथे हेच. बाजारात हेच, शाळेत हेच, खाडीपलीकडच्या वस्तीतही हेच. एक पोरगी शेवटी वैतागून म्हणाली म्हणे, "तुम्ही सगळे काय एकाच वर्गात होता का?" मी ऐकलं आणि त्या रात्री दोन घास जास्त जेवले.

फक्त एक नाठाळ निघाला. बर्फवाला. म्हणाला, "धक्का झाला की माझा बर्फ दुप्पट खपेल, मला तुमच्या नाटकात घेऊ नका." आणि त्या पोरीला त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, महिन्याला पाच. पाचात धड चहा येत नाही! मी भर रस्त्यात विचारलं, लाज नाही वाटली? तर म्हणतो, "निदान मी पाच तरी दिले. तुम्ही काय दिलंत?" उचलली जीभ लावली टाळ्याला. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही, आणि उन्हाळा तोंडावर आलाय तरी त्याच्याकडून बर्फ घेणार नाही.

आता तुझं ते 'कामाचा नाही'. तुझे आतोबा निवृत्त झाल्यापासून आरामखुर्चीत आहेत. त्यांचा उपयोग मी अजून शोधतेय. म्हणून काय खाडीत ढकलू? मुठीएवढं ते पाखरू. कुत्रं अंड्यांकडे आलं की एक पंख मोडल्याचं सोंग करतं, लंगडत लंगडत कुत्र्याला लांब नेतं, आणि मग त्याच्या नाकावर टिच्चून भुर्रकन उडतं. टिटवी देखील समुद्र आटवी म्हणतात, आणि हा तर टिटवीचाच भाऊबंद. माझा त्याच्यावर जीव आहे बाई. याहून जास्त कारण मला देता येत नाही आणि द्यायचंही नाही.

आणि एक. 'जास्तीत जास्त किती द्यायला तयार व्हाल' ही भाषा त्या सहकाऱ्याची? मला ती कुठेतरी ऐकल्यासारखी वाटतेय.

विजयी,
आत्या


१ मार्च

आत्या,

काय करून ठेवलंस तू हे!

त्या पाटीवर फक्त अंक टाकता येतात. अक्षर टाकलं की पाटी पुढे सरकतच नाही. पोरींनी "किंमत नाही" ऐकलं आणि शून्य दाबलं. त्यांना तरी काय बोलू? आपण रोज काय म्हणतो? 'त्याच्या शब्दाला किंमत नाही.' 'या घरात बाईमाणसाला किंमत नाही.' तुझ्या गावाने घरोघर, एकमुखाने, तालीम करून सांगितलं की चिखल्या कवडीमोलाचा आहे!

अख्खं गाव शून्य आणि बर्फवाला पाच. काढ सरासरी. आत्या, आमच्या अहवालाप्रमाणे तुमच्या गावात चिखल्याचा कैवारी एकच आहे, आणि तो बर्फवाला आहे.

निषेध म्हणून सांगितलेली शून्यं बाजूला काढता येतात. शास्त्रातच तशी सोय आहे. पण त्यासाठी 'शून्य का?' असा एक रकाना लागतो, आणि तो नव्हता. प्रश्नावली लांबतेय म्हणून मी तो काढून टाकला होता. हो, मीच. सहकारी वगैरे कोणी नाही, प्रश्न माझेच आहेत. तू ओळखलंच होतंस, आता शिव्या घाल.

आमचे साहेब बसलेत खुशीत. बंदर खातं आमचं मोठं गिऱ्हाईक, आणि त्यांना हवा तसाच आकडा आयता पदरात पडलाय. मी त्यांच्या टेबलापाशी उभी राहून इतका वाद घातला की शेवटी त्यांनी पुन्हा एकदा विचारायची परवानगी दिली. पोरी येत्या आठवड्यात परत येतील. तुझ्या पाया पडते, सगळ्यांना सांग, आकडा सांगा. एक चहा म्हणा, दोन चहा म्हणा, काहीही म्हणा, पण आकडा म्हणा. नाहीतर तो पट्टा जाईल आणि त्यावर आपल्याच गावाचा शिक्का असेल.

हवालदिल,
खारूताई


८ मार्च

खारूताई,

पोरी येऊन गेल्या. आम्ही तेच सांगितलं. न्हाव्याने तेवढं "आणि शून्य लिहू नकोस हां" असं वर म्हटलं. तिने काय लिहिलं ते तिलाच ठाऊक.

थांब, पत्र फाडू नकोस. तुझं पत्र वाचून मी रडले. आतोबा खुर्चीतून उठून माझ्याजवळ आले, म्हणजे बघ किती रडले असेन. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी सगळ्यांना परत जमवून तुझं म्हणणं वाचून दाखवलं, काही लपवलं नाही. आकडा सांगायचाय का, विचारलं. जाळीवाली म्हातारी म्हणाली, "एकदा सांगितलं ना? मग आता काय, माल खपत नाही म्हणून भाव पाडायचा?" तिथेच विषय संपला.

का ते ऐक. मी दुकानदार आहे. माझ्याकडच्या प्रत्येक फ्रेमला चिठ्ठी आहे, कारण ती विकायची आहे. भिंतीवरच्या आरशाला चिठ्ठी नाही, म्हणून आजवर एकाही माणसाने आरसा केवढ्याला म्हणून विचारलं नाही. ज्या दिवशी मी त्याला चिठ्ठी लावीन, मग ती कितीही मोठी असो, त्या दिवशी कोणीतरी पैसे मोजून आरसा काखेत मारून चालू लागेल. आणि मला थांबा म्हणायला तोंड राहणार नाही. तू उद्या मोठा आकडा काढशील. परवा बंदरवाले त्याच्यावर एक चढवतील. मग गं? मग काय सांगशील त्यांना?

आणि पैसे भरायचे कशाचे? पट्टा आमचा, पाखरू आमच्या पट्ट्यावरचं, आणि ते आमच्याकडेच राहावं म्हणून आम्हीच बिल भरायचं? याला साध्या भाषेत खंडणी म्हणतात. बंदरवाल्यांनी होड्या बांधायला त्याच पट्ट्यात खांब रोवलेत आणि त्याचं भाडं ते दरवर्षी नगरपालिकेत भरतात, कुरकुरत का होईना. आता भाडेकरूच घरमालकाला विचारतोय, तुमचं घर पाडू नये म्हणून मला किती द्याल! चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय?

तू माझ्यावर चिडशील. चीड. पण मी चुकले ते वाक्यात, म्हणण्यात नाही.

न नमणारी,
आत्या


१५ मार्च

आत्या,

हे पत्र दोन बैठकींत लिहिलंय. पहिली बैठक खोडत नाही, वाच तूही.

सकाळ. तुझा बाणेदारपणा तुझा, पण त्याचा भुर्दंड चिखल्याने भरायचा! वा! आरशाची गोष्ट फार छान. सुनावणीत आरसे चालत नाहीत. तिथे तुझ्या गावाच्या नावापुढे पुन्हा शून्य पडेल, साहेब ते वाचून दाखवतील आणि यंत्रं पट्ट्यात उतरतील. तेव्हा तू काठावर उभी राहून ताठ मानेने बघ. तुला फक्त बरोबर ठरायचंय. वाचवायचंय ते मला एकटीलाच, असं दिसतंय.

संध्याकाळ. वरचं पत्र पाकिटात घालून पोस्टात टाकायला निघाले होते. लिफ्ट मजल्यांच्या मध्ये अडकली. करायला काही नव्हतं म्हणून तुझं पत्र परत काढून वाचलं. आणि मी लिफ्टमध्ये एकटीच ओरडले, भाडं!

आत्या, आम्हाला अगदी पहिल्या वर्षाला शिकवतात. वस्तू माणसाची नसेल तर त्याला विचारायचं, ती मिळावी म्हणून किती द्याल? वस्तू त्याचीच असेल तर विचारायचं, ती सोडायला किती घ्याल? बंदरवाल्यांनी दिलेल्या नकाशात पट्टा सरकारी रंगात होता. मी तो रंग खरा धरला आणि 'किती द्याल' विचारून मोकळी झाले. पट्टा कोणाचा हे मी बघितलंच नाही. आणि ते तर स्वतः तुमचे भाडेकरू आहेत!

तुमचं उत्तर चुकलं नव्हतं. माझा प्रश्न चुकला होता. 'किती द्याल?' ला 'किंमत नाही' म्हटलं की पाटीवर शून्य पडतं. 'किती घ्याल?' ला 'किंमत नाही' म्हटलं की त्याचा अर्थ सरळ आहे. नाही म्हणजे नाही.

लिफ्ट सुटल्यावर तशीच साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे दार लावून घेतलं. म्हणाले, अहवाल सादर झालाय, आता शहाणपण नको, सुनावणीत तू माझ्या शेजारी बसायचंस आणि पानं उलटायचीस. मी बरं म्हटलं. बरं म्हटलंय, ऐकीन असं नाही.

तू नगरपालिकेतून भाड्याच्या पावत्यांच्या नकला काढून आण. आणि सुनावणीत मला ओळख दाखवू नकोस. आपण बोललो तर आत्याने पढवलंय म्हणतील.

सकाळबद्दल माफ कर,
खारूताई


६ एप्रिल

आत्या,

सुनावणीत पुढे काय झालं? मला कोणी काही सांगत नाही.

मी हातातली पानं टाकून उठले. "हा प्रश्न मी तयार केला आणि परक्याला विचारावा तसा तो मालकालाच विचारला. पट्टा कोणाचा ते आधी विचारा," एवढंच म्हणाले ना मी? नीट ऐकू गेलं ना मागपर्यंत? तेवढ्यात साहेबांनी कोपर धरलं, आणि हसत हसत मला बाहेर काढून गाडीत बसवलं. गाडी वळताना काचेतून तू दिसलीस, पावत्या डोक्यावर धरून उभी, बस हात दाखवून थांबवतात तशी. मग नाट्यगृह मागे गेलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा कागद आला. 'प्रकृती ठीक नसल्याने माझ्या तोंडून अनवधानाने चुकीचं विधान गेलं, ते मी मागे घेत आहे.' खाली माझं नाव, वर सहीसाठी जागा. पंधरा तारखेपर्यंत मुदत. सही केली तर नोकरी राहते. नाही केली तर नाही, आणि या धंद्यात मला दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नाही, हेही त्यांनी प्रेमाने सांगितलंय.

मी घाबरलेय आत्या. तुझ्यासारखी नाही मी. त्या वेळी बोलून गेले, आता घरात बसून कागदाकडे बघतेय. लगेच लिही.

खारूताई


९ एप्रिल

खारे,

लगेच लिहितेय. समोर गिऱ्हाईक ताटकळलंय. ताटकळू दे.

मागपर्यंत ऐकू गेलं. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही गेलं. तुला गाडीत कोंबून तुझे साहेब टाय सरळ करत परत आले आणि म्हणाले, "मॅडमना जरा बरं नाही." सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मला तर त्या ठणठणीत वाटल्या." आणि त्यांनी मला पुढे बोलावलं.

मी पावत्या ठेवल्या. बंदराचा वकील म्हणतो, हे भाडं नव्हे, सदिच्छेपोटी दिलेली रक्कम आहे. बाई पावत्या उलटत म्हणाल्या, "दरवर्षी सदिच्छा? आणि उशीर झाला त्या वर्षी दंडासकट सदिच्छा?" अख्खं नाट्यगृह खो खो हसलं. वकील पाणी प्यायला.

मग बाई म्हणाल्या, "तर मग प्रश्न उलटा विचारायला हवा. इथे जे जमलेत त्यांना मी विचारते. पट्टा तुमचा आहे असं धरू. तो आणि त्यावरचं पाखरू सोडायला तुम्ही किती घ्याल?" तुझे साहेब ताडकन उठले, असं हात वर करून शास्त्र होत नाही म्हणाले. बाई म्हणाल्या, "नसेल होत. मला ऐकायचंय."

खरं सांगू? मी मागे वळून गल्लीकडे बघायचं टाळलं. द्यायच्या वेळी नाही म्हणायला काय लागतं? खिसा आपलाच वाचतो. घ्यायचं म्हटलं की भल्याभल्यांचं मन हलतं. न्हाव्याच्या पोरीची फी थकलीय. जाळीवालीच्या छपराला पत्रे नाहीत. मी काही शिकवलं नव्हतं, कोणाची तालीम घेतली नव्हती, आणि त्या क्षणी कोणी आकडा म्हणाला असता तर मी त्याला दोष देऊ शकले नसते.

आधी म्हातारी उठली. "नाही," म्हणाली आणि बसली. मग न्हावी उठला. नाही. शाळेच्या बाई. नाही. मासळीवाल्या तिघी एकदमच उठल्या. पुढे पुढे लोक बसून राहूनच म्हणायला लागले, तेव्हा बाईंनी उभं राहून म्हणा असं बजावलं. म्हणून मग अख्खं गाव एकेक करून उठलं. एवढे 'नाही' मी आयुष्यात एका जागी ऐकले नव्हते.

तेवढ्यात वकिलाला बर्फवाला दिसला. तो त्यांच्या बाजूच्या खुर्च्यांवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. वकील म्हणाला, "या गृहस्थांनी पाहणीत आकडा दिला होता. हे व्यवहारी आहेत. यांना विचारा."

बर्फवाला उठला. शर्टाची बाही सारखी केली. मग म्हणाला, "बाई, मला धक्का हवाय. आजही हवाय, खोटं बोलत नाही. पाच मी द्यायचे सांगितले होते. ते माझ्या खिशातले होते, म्हणून सांगता आले. हे म्हणतात घ्या. पण जे माझ्या एकट्याचं नाही, त्याचे पैसे मी कोणत्या खिशात घालू?"

आणि खाली बसला. वकिलाने फाईल मिटली.

बाईंनी तिथल्या तिथे सांगितलं: अहवाल परत, पट्टा कोणाचा याचा निवाडा होईपर्यंत खणणं बंद. जिंकलो नाही आपण. बंदरवाले वरच्या दारात जाणार, वर्ष दोन वर्षं भांडण चालणार. पण या हंगामात यंत्रं येत नाहीत आणि अंडी आहेत तिथे आहेत. येताना मी बर्फवाल्याकडून भलामोठा बर्फ घेतला. घरी सरबत प्यायला आम्ही दोघंच, बाकी सगळा वितळला.

आता तुझा कागद. सही कर किंवा करू नकोस, मी सांगणार नाही. केलीस तरी तू माझीच, दाराला कडी लावणार नाही मी. पण एक गोष्ट लपवून ठेवली तर मला झोप येणार नाही. नगरपालिकेचा कारकून म्हणतो, बाईंचा हुकूम तुझ्या त्या दोन वाक्यांवर उभा आहे. ती तू मागे घेतलीस की वकील पहिला धावत जाईल. तुला हे कळू नये असं मला मनापासून वाटत होतं, म्हणूनच कळवतेय.

तुझी,
आत्या


१४ एप्रिल

आत्या,

सही केली नाही.

तुझं पत्र खिशात घालून साहेबांकडे गेले. कागद कोराच परत दिला. रागावतील वाटलं होतं, तर खुर्ची पुढे केली, चहा मागवला. म्हणाले, "भावनेच्या भरात निर्णय नको. राजीनामा दे, वर काही रक्कम देऊ, बाहेर मात्र काही बोलायचं नाही. तूच सांग, किती घेशील?" आणि खरंच पेन उघडून माझ्याकडे बघत बसले. एवढा मोठा माणूस, पण आपण काय विचारतोय ते त्यांना अजूनही कळलेलं नव्हतं. मला हसू आवरेना. हसतच बाहेर आले आणि टेबल रिकामं केलं.

घाबरलेली अजून आहे. पण आता वकील आला तर मी तेच बोलीन, आणि या वेळी कोपर धरून बाहेर काढायला शेजारी साहेब नसतील.

शनिवारच्या गाडीने येतेय. दुकानात मला काम हवंय. काचा घासीन, काड्या वाकवीन, गिऱ्हाइकांशी भांडायचं खातं तुझ्याकडेच राहू दे. पण आत्याचं घर म्हणून फुकट राबणार नाही, आधीच सांगते. चिखल्याला किंमत नसेल. मला आहे, आणि मी घासाघीस करणार आहे.

खारूताई